वस्तीवर फायबर नेताना

नगर जिल्ह्यात माणसाला घर विचारलं की तो आधी गावाचं नाव सांगतो आणि मग वस्तीचं. गावठाणात देऊळ, शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत; संसार मात्र मळ्यात, विहिरीच्या कडेला, चारीच्या वर. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17 हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला. कागदोपत्री तो आता अहिल्यानगर झाला आहे, बोलण्यात अजून नगरच आहे. अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत घरं अशी रानात विखुरलेली. वीज, रस्ता, नळाचं पाणी, सगळं आधी गावठाणात आलं आणि वस्तीवर मागाहून पोहोचलं. फायबरच्या इंटरनेटचंही तेच चाललं आहे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली, तेव्हा ग्रामपंचायतीपर्यंत केबल नेणं हेच उद्दिष्ट होतं. पुढे या योजनेचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतलं. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायत नसलेली गावंही मागणीनुसार जोडायची आहेत आणि घरापर्यंतचा शेवटचा टप्पा स्थानिक उद्योजकांनी सांभाळायचा आहे. याशिवाय बीएसएनएल आहे, मोठ्या खासगी कंपन्या आहेत आणि जिल्ह्यापुरता सी वर्गाचा परवाना घेतलेले छोटे सेवादार आहेत. यातले कितीतरी जण पूर्वीचे केबलवाले. थोडक्यात, फायबरची काच गावात येऊन थांबलेली असते. तिथून वस्तीपर्यंतचा अर्धा-एक किलोमीटर कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

माझं म्हणणं असं की त्यातला बराच भाग घरमालकाने स्वतः करावा, आणि तो आपल्या माणसांना उत्तम जमेल. मुळा, प्रवरा, गोदावरी, घोड या नद्यांच्या काठच्या विहिरींवरून किलोमीटर-दोन किलोमीटर पाईपलाईन टाकून ज्यांनी माळ भिजवला, त्यांना चर कसा घ्यायचा, बांध कसा ओलांडायचा, शेजाऱ्याशी कसं बोलून घ्यायचं हे कोणी शिकवायला नको. न जमणारा भाग फार थोडा आहे. तो कोणता, हे आधी समजून घेतलं पाहिजे.

कंपनीच्या केंद्रात ओएलटी नावाचं यंत्र असतं. त्यातून निघालेला प्रकाश काचेच्या तंतूतून गावात येतो. खांबावरच्या डब्यात स्प्लिटर असतो. त्याला ना वीज लागते ना बॅटरी; तो एका तंतूतला प्रकाश आठ, बत्तीस किंवा चौसष्ट वाटांत विभागतो. त्यातली एक वाट ड्रॉप केबलने आपल्या घरी येते आणि भिंतीवरच्या ओएनटी नावाच्या छोट्या पेटीत शिरते. येणारा प्रकाश 1490 नॅनोमीटरचा आणि जाणारा 1310 नॅनोमीटरचा, त्यामुळे दोन्ही एकाच तंतूतून जातात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत. जीपॉन या पद्धतीत येण्याची क्षमता सुमारे अडीच गिगाबिट आणि जाण्याची सव्वा गिगाबिट असते. ती त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांत मिळून वापरली जाते. रात्री नऊला नेट मंदावतं, त्याचं एक कारण इथे असू शकतं.

फायबरवाला हातातल्या मीटरवर बघून ‘मायनस बावीस येतंय’ असं म्हणतो, ते काय असतं? प्रकाशाची ताकद डीबीएम या एककात मोजतात. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, मायनस 10 म्हणजे त्याचा दहावा भाग, मायनस 20 म्हणजे शंभरावा. दर 3 डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. पाईपलाईन करताना आपण लांबी, एल्बो आणि व्हॉल्व्ह यांचा हेड लॉस धरून मोटर निवडतो, हिशेब अगदी तसाच आहे. समजा ओएलटीने अधिक 3 ने प्रकाश सोडला. चौसष्ट वाटांच्या विभागणीत साधारण 20 डेसिबल गेले, सात-आठ किलोमीटर काचेत 2 गेले, जोड आणि कनेक्टर यांत दीड गेला. घरात मायनस साडेवीस पोहोचले. ओएनटीला साधारण मायनस 8 ते मायनस 27 या दरम्यानचा प्रकाश चालतो. म्हणजे साडेवीस हा आकडा निवांत. मायनस 25-26 वर जोडून दिलेलं कनेक्शन त्या दिवशी चालेल, पण एखाद्या कनेक्टरवर धूळ बसली की ओएनटीवर लाल दिवा लागेल. म्हणून कनेक्शन घेताना हा आकडा विचारायचाच. वेगाचा आकडा सगळे विचारतात, हा कोणी विचारत नाही. माझ्या मते दोन्हींत महत्त्वाचा हाच.

या आकड्यातला घरमालकाच्या हातचा भाग म्हणजे वाक. तंतूची एकूण जाडी 125 मायक्रॉन, आणि प्रकाश जातो तो मधला गाभा अवघा 9 मायक्रॉनचा. केबल कोपऱ्यात दाबून वळवली की प्रकाश गाभ्यातून बाहेर निसटतो. घरांसाठी वापरायच्या जी.657 जातीच्या तंतूला बरीच सवलत आहे, त्यातला ए2 प्रकार साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत सहन करतो. जुन्या जातीला 30 मिलिमीटर लागायचे. तरी खिडकीच्या चौकटीत चेपलेली, दाराच्या बिजागरीतून नेलेली किंवा खिळा ठोकून पक्की केलेली केबल त्रास देतेच. दुसरी गोष्ट कनेक्टरच्या रंगाची. हिरव्या कनेक्टरच्या काचेचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण बसवायचे नाहीत. काचेची तोंडं नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा.

न जमणारा भाग आहे तो काच जोडण्याचा. तो एकदा जवळ उभं राहून पाहण्यासारखा आहे. कारागीर आधी केबलचं जाड आवरण काढतो, मग स्ट्रिपरने तंतूवरचा 250 मायक्रॉनचा रंगीत लेप खरवडतो. उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसताना कुरकुर आवाज आला की ती स्वच्छ झाली असं समजतात. क्लीव्हरमध्ये ठेवून पातं सरकवलं की टोक काटकोनात तुटतं. अशी दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात, मशीन स्वतःच त्यांना एका रेषेत आणतं, क्षणभर विजेची ठिणगी पडते आणि दोन काचा वितळून एक होतात. पडद्यावर नुकसानीचा अंदाज उमटतो, 0.02 किंवा 0.03 डेसिबल. शेवटी जोडावर नळी सरकवून ती गरम करून आवळतात. उघड्या रानात वारा आणि धूळ असताना हे काम बिघडतं. चांगला कारागीर गाडीत बसून किंवा पडवीत आडोशाला करतो. मशीन महागडं आहे आणि हात बसायला वेळ लागतो, म्हणून एका घरासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. कारागिराला अर्ध्या दिवसाचे पैसे द्यावेत आणि बाकीचं आपण करावं.

त्या वेळी दोन गोष्टींबाबत घरातल्यांना सांगून ठेवा. तुटलेले काचेचे तुकडे इतके बारीक असतात की डोळ्यांना धड दिसत नाहीत, पण पायात किंवा बोटात शिरले तर निघता निघत नाहीत. ते चिकटपट्टीवर गोळा करून बाटलीत बंद करायचे. पोरं अनवाणी फिरतात त्या ओट्यावर हे काम करूच देऊ नका. आणि चालू केबलच्या टोकात डोळा घालून बघायचं नाही. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

हीच काच तयार होते आपल्या शेजारी. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की शहराच्या आधी वाळूज लागतं. तिथल्या एमआयडीसीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचा फायबरचा कारखाना आहे. अतिशुद्ध काचेचा दांडा सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवून त्यातून हा तंतू ओढतात. 1966 मध्ये चार्ल्स काओ यांनी दाखवून दिलं की काचेतून प्रकाश लांब जात नाही याचं कारण काच नसून तिच्यातली अशुद्धी आहे. त्याबद्दल त्यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी काचेतून प्रकाश वळवण्याचं काम करणारे पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी. त्यांना 2021 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. आजच्या काचेत एका किलोमीटरला साधारण पाव ते तिसरा हिस्सा डेसिबल एवढंच नुकसान होतं. म्हणूनच वस्ती लांब आहे ही अडचण तांब्याच्या तारेला होती, काचेला नाही.

आता वस्तीचा मुद्दा. कंपनीची केबल रस्त्याकडेच्या घरापर्यंत किंवा दुकानापर्यंत आली आहे आणि राहतं घर आत मळ्यात आठशे मीटरवर आहे, असं समजा. नेहमीची लॅनची तार शंभर मीटरपुढे चालत नाही. वायरलेसच्या दोन डिश समोरासमोर लावता येतात, पण मध्ये झाडं नकोत. ऊस दहा-बारा फूट वाढतो, हे खांबाची उंची ठरवताना धरावं लागतं. त्यापेक्षा स्वतःच्या रानातून स्वतःची काच न्यावी. दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाच्या दोन छोट्या पेट्या लागतात. त्या घेताना ‘सिंगल मोड, एका तंतूवर चालणारी गिगाबिट जोडी’ असं मागायचं. जोडीतली एक 1310 ने पाठवते आणि 1550 ने घेते, दुसरी नेमकी उलट. दोन्ही एकाच जातीच्या आल्या तर एकमेकींशी बोलणार नाहीत. 20 किलोमीटरच्या क्षमतेची जोडी पुरते. जास्त ताकदीची बरी म्हणून 80 किलोमीटरची घेऊ नये, जवळच्या अंतरात तिचा प्रकाश समोरच्या पेटीला सोसत नाही.

केबल चार तंतूंची घ्यावी, लागणार एकच असला तरी. किमतीत फरक थोडा पडतो आणि पुढे एखादा तंतू दुखावला तर दुसरा हाताशी असतो. चर किती खोल? सरकारी केबलसाठी साध्या जमिनीत 165 सेंटिमीटरचा दंडक आहे. घरच्या रानात तेवढं कोणी करत नाही आणि गरजही नाही, पण पलटी नांगर फूट-सव्वा फूट जातो आणि सबसॉयलर त्याहून खाली, हे विसरता येत नाही. बांधाच्या कडेने तीन फूट असावा, आणि नांगरटीखाली येणाऱ्या जमिनीतून शक्यतो नेऊच नये. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या ओढाताणीत उघडी केबल ताणली जाते. म्हणून ती एचडीपीई पाईपातून न्यायची. पाईप टाकतानाच आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची. कोपऱ्यावर एल्बो लावायचा नाही, पाईपच मोठ्या वळणाने फिरवायचा. ओढताना जोर केबलमधल्या मजबुतीच्या दोरावर किंवा सळईवर यायला हवा, तंतूवर नाही. वर मुरूम किंवा चाळलेली माती, दगड नको, आणि बुजवताना फूटभर वर पिवळी इशारा-पट्टी. पुढे जेसीबी लागला तर आधी पट्टी वर येते. उंदीर-घुशी ठिबकच्या नळ्या कुरतडतात तशा पाईपही कुरतडतात. उसाच्या रानात त्यामुळे पोलादी वेष्टनाची आर्मर्ड केबल बरी. या कामाला एप्रिल-मे योग्य, रान रिकामं असतं. वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत चर बुजलेला हवा.

वरून लोंबकळत नेण्याचा मोह अनेकांना होतो. गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रक-ट्रॉल्या जिथून जातात, तिथे लोंबणारी केबल किती दिवस टिकेल याचा विचार करा. आणि महावितरणच्या खांबाला तर ती कधीच बांधू नका. त्यात जिवाचा धोका आहे.

यात मर्यादा स्पष्ट असाव्यात. आपल्या गटातून, आपल्या वापरासाठी केबल नेणं वेगळं आणि रस्ता ओलांडणं वेगळं. सार्वजनिक रस्ता आडवा येत असेल तर तेवढं काम परवानाधारक कंपनीकडूनच करून घ्यावं. शेजाऱ्याच्या बांधावरून जायचं असेल तर त्याची संमती तोंडी न ठेवता कागदावर घ्यावी. भाऊबंदकीचे किती वाद चारी आणि पाईपलाईनवरून कोर्टात गेले, हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. आपलं कनेक्शन वाटून पैसे घेणं परवान्याशिवाय चालत नाही. त्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही योजना आहे. तिच्यात किराणा दुकानदार किंवा चहावालासुद्धा वेगळ्या परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो.

सगळ्या वस्त्यांनी मिळून हे केलं तर? इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या ग्रामीण भागात 2011 मध्ये बी-फोर-आर-एन नावाची लोकांची संस्था उभी राहिली. मोठ्या कंपन्या विखुरलेल्या घरांपर्यंत यायला तयार नव्हत्या, तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतून विनामोबदला वाट दिली, लोकांनी स्वतः चर खणले, आणि घराघरात दोन्ही दिशांना एक गिगाबिट वेगाचं कनेक्शन पोहोचलं. आपल्याकडे सावड आहे, इर्जिक आहे. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणारा हा जिल्हा आहे. एका शिवारातल्या आठ-दहा वस्त्यांनी मिळून चर आणि पाईप तयार ठेवला आणि परवानाधारक सेवादाराला सांगितलं की केबल तुझी, वाट आमची, तर त्याचा मोठा खर्च वाचतो आणि नकार द्यायला त्याच्याकडे कारण उरत नाही. हे घडावं असं मला मनापासून वाटतं.

काच घराच्या भिंतीशी आली की पुढचं सगळं आपलं. विजेपासून सुरुवात करू. काच वीज वाहत नाही, म्हणून टेलिफोनच्या तारेवरून येऊन मोडेम जाळणारी वीज फायबरच्या तंतूतून येत नाही. पण ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते, आर्मर्ड केबलला पोलादी वेष्टन असतं. ती धातूची तार बाहेरच्या हुकाला बांधून तिथेच कापायची, घरात फक्त तंतूचा पातळ भाग घ्यायचा. गोठ्यातल्या किंवा कांदाचाळीतल्या कॅमेऱ्यापर्यंत नेलेली तांब्याची तार ही दुसरी चोरवाट आहे. शक्य असेल तर तिथेही काचच न्यावी.

ओएनटीला बहुतेक 12 व्होल्टचा अडॅप्टर असतो आणि वीज लागते दहा-बारा वॉटच्या आसपास. त्यासाठी इन्व्हर्टर अडकवून ठेवण्यापेक्षा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस बरा; भारनियमनाचे दोन-तीन तास तो काढतो. मधे मीडिया कन्व्हर्टर असतील तर दोन्ही टोकांना असा यूपीएस लागेल, हे लक्षात ठेवा. घरातले दिवे चालू असूनही गावची लाईट गेली की नेट जात असेल, तर बॅटरी कंपनीच्या केंद्रात कमी पडते आहे.

पेटी कुठे बसवायची हे कंपनीचा माणूस ठरवतो, म्हणजे केबल जिथून आत येते तिथे, दाराशेजारी. हे ठरवू देऊ नका. जुन्या वाड्याच्या दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचा वाय-फाय जवळजवळ जात नाही, 2.4 गिगाहर्ट्झचा अशक्त होऊन जातो. पत्र्याचं शेड तर लहरी आतल्या आत परतवतं. ओएनटी दाराशी राहू द्या, पण तिथून घराच्या मध्यापर्यंत कॅट-6 ची तार पाईपातून ओढून राउटर मध्यावर, डोक्याच्या वर बसवा. वरच्या मजल्यावर आणखी एक तार आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट. तार शुद्ध तांब्याची आहे ना, हे टोक खरवडून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आत पांढरं दिसतं. आठही तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यातल्या निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालतं, पण वेग शंभर मेगाबिटला अडकतो आणि लोक उगाच कंपनीला दोष देतात.

ओएनटीचा अनुक्रमांक कंपनीच्या ओएलटीवर नोंदल्याशिवाय कनेक्शन चालू होत नाही, म्हणून स्वतःची ओएनटी चालेल का हे आधी विचारा. स्वतःचा राउटर बहुतेक ठिकाणी चालतो. कंपनी पीपीपीओई, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन जोडणी करण्याची पद्धत, वापरत असेल तर ते दोन्ही लिहून घ्या. पेटीखालच्या चिकटपत्रावरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आणि त्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवा: घरात किती डीबीएम प्रकाश आला, चर कोणत्या बांधाने गेला, वळणं कुठे आहेत, जोड कुठे पुरला आहे, दोन्ही टोकांना किती मीटर केबल गुंडाळून जादा ठेवली आहे. पुढे लाल दिवा लागला की आधी आत आलेला कनेक्टर अल्कोहोलने पुसून पाहा, मग कारागिराला बोलावून मीटर लावा. मायनस 21 चा मायनस 26 झाला असेल तर काच शाबूत आहे, कुठेतरी वाक किंवा मळलेला जोड आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर केबल तुटली आहे. मग त्या कागदावरची वळणं आणि जोड समोर ठेवून शोध सुरू करा.